ठमाअक्कांची उलटी पट्टी

या, असे पुढे सरकून बसा. मागे खांबाला टेकलेल्यांनीही या. ही गोष्ट आवाज लावून सांगायची नाही, जवळ बसून सांगायची आहे. देवापुढे वीणा घेऊन उभ्या राहिलेल्या एका पायाची ही गोष्ट, आणि त्या पायाला पट्टी बांधणाऱ्या दोन हातांची. हात चुकले. पण ते कशामुळे चुकले हे शेवटपर्यंत ऐकलंत, तर त्यांना नावं ठेवायला तुमची जीभ उचलणार नाही, एवढा शब्द मी देतो.

सप्ताह तोंडावर आला होता. कळस गावच्या देवळापुढे मांडवाचे खांब रोवून झाले होते आणि कुंडलिकतात्यांच्या घरी रविवारची जेवणं उरकली होती. ताटं मात्र कोणी उचलली नव्हती, कारण तात्यांच्या धाकट्या भावानं, संभाजीनं, हात धुवायच्या आधीच विषय काढला होता.

"तात्या, यंदा वीणा आमच्या पोराच्या, सौरभच्या गळ्यात घालू."

तात्या बाजेवर पाय लांब करून पडले होते. डावा पाय बोटांपासून गुडघ्यापर्यंत पट्टीत गुंडाळलेला. ते छताकडे बघत राहिले.

कळसच्या सप्ताहात सात दिवस वीणा खाली ठेवत नाहीत. ती एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाते, आणि एकानं ती जितका वेळ सांभाळायची तो त्याचा पहारा. पहिल्या पहाऱ्याचा मान याच घराचा. तात्यांनी तो मिसरूड फुटल्यापासून कधी चुकवला नव्हता. वीणा देताना देणारा आणि घेणारा एकमेकांच्या पायांवर डोकं ठेवतात. गेल्या वर्षी मात्र वीणा घेणाऱ्यानं तात्यांच्या पायाला हात लावला नाही. दोन हात मागेच थांबून त्यानं जमिनीला डोकं टेकवलं होतं. जखमेला वास होता. तात्यांनी ते पाहिलं आणि बायकांत बसलेल्या ठमाअक्कांनीही पाहिलं. घरी आल्यावर दोघंही त्याबद्दल बोलले नाहीत.

ठमाबाई तात्यांची थोरली बहीण. नवरा गेल्यापासून ती याच घरात होती. घर तिला अक्का म्हणायचं. ती आता मधल्या दाराशी भिंतीला पाठ लावून बसली होती आणि सुपारी कातरत होती.

"मान घरातच ऱ्हातोय की," संभाजी म्हणाला. त्याचा संसार लासुर्ण्याला होता. तिथून तो जीप घेऊन आला होता. "मी काय परक्याला द्या म्हनतोय? वैनी, तुमीच सांगा, मी वंगाळ बोलतोय का?"

दगडाबाईंनी नवऱ्याकडे बघितलं, मग पायाकडे. सकाळपर्यंत त्या नवऱ्याच्या बाजूनं होत्या. पण सकाळी पट्टी बांधायच्या आधी त्यांनी तो उघडा पाय पाहिला होता.

"भावजी म्हनत्यात त्यात काय खोटं न्हाय," त्या हळूच म्हणाल्या. "पाय आता पाय ऱ्हायलाय का? खांब झालाय नुसता."

"तू बी?" तात्या म्हणाले.

"मी बी म्हंजी? वल्या जखमेला आवळून बांधू नगा म्हनून मी पयल्या दिशी सांगत हुते. माझं ऐकतंय कोन?"

हे बोलणं नवऱ्याला होतं, पण रोख होता चुलीजवळ उभ्या असलेल्या सुनेवर. बालवाडीत शिकवणाऱ्या मेघनानंच सासऱ्याला दिवाळीनंतर बारामतीला नेलं होतं. घोट्याच्या आतल्या अंगाला, हाडाच्या जरा वर, ती जखम कित्येक वर्षं ठाण मांडून होती. तिच्याभोवतीची कातडी काळीनिळी, लाकडासारखी कडक. हळद झाली, लिंबाच्या पाल्याचं पाणी झालं, दर बाजाराला नवा लेप झाला. बारामतीच्या डॉक्टर प्रियदर्शनी लोंढ्यांनी रक्तातली साखर तपासली, पावलावरची नाडी बोटांनी चाचपून पायात रक्त नीट पोचतंय याची खात्री करून घेतली आणि सांगितलं, दुखणं जखमेत नाही, शिरांत आहे. वरून लावायचं औषध थोडं, पट्टीचा दाब महत्त्वाचा. कापसाचा थर, त्यावर ताण देऊन बांधायची लवचीक पट्टी. सकाळी पाय बाजेखाली सोडायच्या आधी ती बांधायची. बोटांशी सुरू करून गुडघ्याखाली संपवायची. घोट्याशी घट्ट आणि वर जाताना सैल होत गेली पाहिजे. मेघनानं ते दवाखान्यात तीनदा बांधून दाखवलं, तेव्हा डॉक्टरांनी मान डोलावली.

पहिले काही दिवस पाय हलका झाला होता. दुसऱ्या खेपेला अक्का हौसेनं बारामतीला बरोबर गेली. आणि त्या खेपेनंतर पाय पुन्हा फुगत गेला, पहिल्यापेक्षा जास्त.

"डॉक्टरांनी शिकवलंय तसंच मी बांधते, काका," मेघना म्हणाली.

"तसंच बांधतीस, मग ह्यो पाय आसा का? बालवाडीतली पोरं न्हायती ही, रिबीन बांधली आन् झालं." संभाजीनं पाणी प्यायलं. "आता माझं आयका. सोलापूरला एक डाक्टर हाय. आमच्या लासुर्ण्याच्या एकाचा आसाच पाय हुता. गुडघ्यातनं काढला. घोर मिटला. मजेत हाय."

"मजेत?" दगडाबाई म्हणाल्या. "उंबरा वलांडाय दोघं लागत्यात त्याला."

"जीव तर हाय! उद्या जीप घिऊन येतो."

"आरं, पाय काढल्यावर वीणा काय काखंत कुबडी घिऊन वाजवू?" तात्या म्हणाले.

"म्हनून तर सौरभचं म्हनतोय."

"तुजं सौरभचं आधी ठरलंय. पाय मागनं आलाय," तात्या म्हणाले.

अक्का सुपारी कातरत होती. तिच्या मनाला या भांडणाचा अर्थच लागत नव्हता. पाय सुजलाय हे तिलाही दिसत होतं. सुजू दे. ती रोज भावाची मांडी दाबून बघायची, आणि मांडी मऊ होती, गुडघ्याच्या वर काही चढलं नव्हतं. तिच्या हिशोबी भाऊ वाचत होता. आता हा पाय कापायचं काय काढून बसलाय?

"पन बारामतीच्या बाईनं वाट लावली ह्ये खरं," दगडाबाई सुनेकडे वळल्या. "आन् तू नेलंस. तुझ्या हातानं समदं झालं, मेघना."

"पोरीला बोलू नगा," तात्या म्हणाले. त्यांनी डोळे मिटून घेतले होते.

मेघनानं पदर खोचला. रडायच्या बेतात आलेली बाई कामाला लागते तशी ती ताटं उचलायला लागली, आणि अर्ध्यात थांबली. "डॉक्टर आज अप्पांकडं आल्यात. सुट्टीच्या दिवशी माहेरी येतात त्या. बोलावून आणते."

"आन," संभाजी म्हणाला. "समोरासमोर हुं दे."

डॉक्टर ओल्या केसांना टॉवेल बांधूनच आल्या. अप्पा लोंढ्यांची ही थोरली लेक याच गावच्या शाळेत शिकलेली. उंबऱ्याशी तिनं चपला काढल्या आणि आत आली. तिचा आजोबा या उंबऱ्याच्या आत कधी आला नव्हता. अक्काला ते आठवलं. कदाचित संभाजीलाही आठवलं असावं, कारण तो उगाच उठून उभा राहिला आणि मग पुन्हा बसला.

"बसा डॉक्टरीन बाई. च्या ठेवू?" दगडाबाई म्हणाल्या.

"पाय बघते आधी, काकू."

त्या खालीच बसल्या आणि तात्यांचं पाऊल त्यांनी मांडीवर घेतलं. पट्टी सोडायला हात घातला आणि थांबल्या.

"मेघना, तू सुरुवात कुठून करतेस?"

"बोटांपासून."

"मग पट्टीचं शेवटचं टोक गुडघ्याखाली पाहिजे. पिन इथं बोटांशी कशी?"

मेघना वाकून बघायला लागली. तिचा चेहरा असा झाला, जणू आपल्याच घराला तिनं दुसऱ्याचं कुलूप पाहिलं. डॉक्टर पट्टी उलगडत वर गेल्या. वर जाताना प्रत्येक वेढा आधीच्यापेक्षा घट्ट निघत होता. शेवटचा गुडघ्याखालचा वेढा निघाला, आणि तिथं मांसात एक खोल वळ होता, बैलाच्या पायाला दावं काचावं तसा. वळाच्या खाली पाय तट्ट फुगलेला, वर गुडघा नेहमीसारखा.

"आगं ए!" दगडाबाई म्हणाल्या. "मेघना, एवढं आवळलंस?"

 मेघना स्वतःच्या हातांकडे बघत होती. त्यांनीच हे केलं असेल का, असं ती त्यांना विचारत असल्यासारखं दिसलं. अक्कानं तिचे हात पाहिले. मग अडकित्ता मिटून बाजूला ठेवला.

"तिनं न्हाय," अक्का म्हणाली. "मी."

सगळे वळले.

"ती सकाळी बांधती. मग शाळंत जाती, सुट्टीला सैपाकाला लागती. तिची पाठ फिरली की मी सोडती आन् माझ्या हातानं बांधती, रातीला सोडती बी मीच. वरनं खाली. पयला येढा गुडघ्याखाली, गच्च."

"अक्का!" संभाजी ओरडला. "येड लागलंय का तुला?"

"येड तुमाला लागलंय! तिच्या हाती भावाला मरायला सोडू?"

"कशासाठी, आजी?" डॉक्टरांनी विचारलं. आवाज चढवला नाही.

"मला काय इचारतीस? तूच म्हनलीस की. दवाखान्यात, माझ्यादेखत. पायात खराब रक्त साचलंय, ही पट्टी त्ये वर चढवती, आसं म्हनलीस का न्हाय?"

"म्हणाले."

"मग? खराब हाय त्ये चढवत्यात व्हय? उतरवत्यात! दिष्ट उतरवत्यात, ताप उतरवत्यात. इख उतरवत्यात. चढलं की मानूस जातंय. माझ्या डोळ्यांनी बघितलंय मी." तिनं भावाच्या पायाकडे बोट केलं. "भीमाला चावलं तवा."

भीमा म्हणजे तिचा नवरा. भरदुपारी उसाला पाणी देताना त्याला पायाला साप चावला होता. गुडघ्याखाली दोरी बांधून त्याला बैलगाडीत घातलं. इंदापूरचा रस्ता तेव्हा नुसती खाचखळग्यांची वाट होती. गचक्यांनी दोरी घसरली. अक्का त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. काळं कसं वर चढतं ते तिनं बघितलं. आधी गुडघा, मग मांडी. इंदापूर दिसायला लागलं तेव्हा तो बोलायचा थांबला होता.

"दोरी ऱ्हायली असती तर माझा भीमा ऱ्हायला असता," अक्का म्हणाली. "ह्याची म्या सुटू देनार न्हवते."

  मग बाजेवरून तात्या बोलले, तसेच छताकडे बघत.

"ती दोरी मी बांधली हुती."

"तुला कोन काय म्हनतंय?" अक्का म्हणाली.

"कोन काय म्हनत न्हाय. कधीच न्हाय म्हनलं." तात्यांनी मान वळवली. "अक्का, तू पयल्या दिशी गुडघ्याखाली येढा घेतलास, तवाच मला कळलं. त्याच जागी गाठ मारली हुती मी. माझीच गाठ सुटली हुती. आता तू बांधतीस तर मी नगो कुठल्या तोंडानं म्हनू? लागत हुतं. ऱ्हाऊ दे म्हनलं."

डॉक्टरांनी पाय मांडीवरून हळूच बाजेवर ठेवला.

"आजी, मी बोलले ते तुमच्या कानांनी कसं ऐकलं, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं," त्या म्हणाल्या. "खराब रक्त म्हणजे विष नाही. थकलेलं रक्त. ते काळजाकडं परत गेलं की ताजं होऊन येतं. खाली येताना त्याला उतार असतो, वर जाताना चढ. ते मागं घसरू नये म्हणून शिरांत जागोजागी झडपा असतात. उभं राहून राहून तात्यांच्या झडपा सैल झाल्यात."

"म्हंजी फुटबॉल गेलाय म्हना की," संभाजी म्हणाला.

मेघनाला त्याही स्थितीत हसू आलं. विहिरीत सोडलेल्या पाइपाच्या बुडाशी जी झडप असते, तिला आमच्याकडे सगळे फुटबॉलच म्हणतात. ती गेली की मोटार बंद करताच पाइपातलं सगळं पाणी खाली विहिरीत येतं.

"फुटबॉलच," डॉक्टर म्हणाल्या. "पण हा दुकानात मिळत नाही. म्हणून बाहेरून दाब द्यायचा, खाली जास्त, वर कमी. आणि पोटरी ही तुमची मोटार. माणूस चालला की ती चालते."

"आन् अक्कानं वरच्या तोंडाला पाइप आवळला. मग खाली तुंबंल न्हाय तर काय हुईल!"

"संभाजी," तात्या म्हणाले, "तू पाय कापायला जीप आनीत हुतास."



"हा वळ जाईल," डॉक्टर संभाजीकडे बघून म्हणाल्या. "पाय काढायचं काही कारण नाही. जखम मात्र लगेच भरायची नाही. वर्षानुवर्षांची आहे, महिने घेणार."

मग त्या अक्कासमोर सरकल्या. "आजी, आणखी एक सांगते. सापाच्या विषावर इंजेक्शन असतं. तेच चालतं. दोरी टिकली असती तरी विष थांबलं नसतं. दोरी सुटली म्हणून ते गेले नाहीत."

अक्का तिच्याकडे बघत राहिली.

"खरं सांगतीस, का म्हातारीचं मन राखतीस?"

"मन राखायचं असतं तर पट्टी छान बांधलीत म्हणाले असते."

अक्काच्या ओठांची एक बाजू हलली. ती हसली असं म्हणता येणार नाही. तिनं भावाकडे बघितलं, भावानं तिच्याकडे. दोघांमध्ये इतकी वर्षं एक बैलगाडी उभी होती आणि दोघंही तिला वळसा घालून जेवायला बसत होती. आता त्यांनी ती पाहिली, एवढंच. कोणी कोणाच्या गळ्यात पडलं नाही.

"दावा मला," अक्का म्हणाली. "कुठनं सुरू करायचं?"

तात्यांचा पाय उशीवर उंच ठेवून सूज जराशी ओसरू दिली. मग मेघनानं कापसाचा थर दिला आणि पट्टीची गुंडाळी अक्काच्या हातात ठेवली. अक्काचा हात सवयीनं गुडघ्याकडे गेला. मेघनानं तिचं मनगट धरून खाली बोटांशी आणलं. "आत्या, हितून."

"हितनं?"

"हितून. आणि प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर निम्मा यायला पाहिजे."

अक्कानं पहिला वेढा घेतला. ताण बरोबर पडला. घोट्यापाशी आली तेव्हा ती पुटपुटली, "चढ बाबा, चढ." कोणाला म्हणाली, रक्ताला की आणखी कोणाला, ते कोणी विचारलं नाही. गुडघ्याखाली आल्यावर ती थांबली. शेवटचा वेढा सैल सोडायचा होता. तो तिच्यानं सोडवेना. मेघनानं घाई केली नाही. अखेर अक्कानं बोटं उचलली आणि पिन लावली.

"आन् सप्त्याचं?" दगडाबाईंनी विचारलं. त्या आता पुन्हा नवऱ्याच्या बाजूला, बाजेच्या पायथ्याशी, येऊन बसल्या होत्या.

"उभं राहणं बंद," डॉक्टर म्हणाल्या. "एका जागी उभं राहिलं की रक्त खाली साचतं."

"म्हंजी सौरभ," संभाजी म्हणाला, पण आता त्याच्या आवाजात पहिला जोर नव्हता.

"उभं ऱ्हायचं न्हाय," तात्या म्हणाले. "चालायचं चालंल?"

"चालायलाच पाहिजे. टाचा उचलून पावलं टाकलीत तर आणखी चांगलं. थोडा वेळ. मग पाय उंच करून पडायचं."

तात्या उठून बसले. "टाचा उचलून? बाई, त्याला आमी भजनात पावली म्हनतो."

चार दिवसांनी मांडवात पहिला पहारा लागला. तात्यांनी वीणा गळ्यात घेतली, पण खांबापाशी उभे राहिले नाहीत. वीणेच्या तालावर टाच उचलत, पाऊल टेकवत ते देवासमोर या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत राहिले. जुनी माणसं एकमेकांकडे बघायला लागली. पण वीणा गळ्यात होती आणि नाम मुखात होतं, मग चुकलं काय? थोड्याच वेळानं ते थकले. पहारा पुरा झाला नाही. वीणा घ्यायला पुढे आला तो सौरभ नव्हता. संभाजी होता. रीत म्हणून दोघं एकमेकांच्या पायांवर वाकले. संभाजीनं जमिनीला डोकं टेकवलं नाही. त्यानं दोन्ही हातांनी पट्टी धरली, तिच्यावर कपाळ ठेवलं, आणि उठला तेव्हा नाकाला पदर लावायची पाळी कोणावर आली नाही.

जखम त्या सप्ताहात भरली नाही. तिनं आपला वेळ घेतला. पुढच्या वर्षीच्या उसाला कोयता लागला तेव्हा कुठं तिच्यावर कांद्याच्या पापुद्र्यासारखी कातडी धरली. दाब मात्र जन्माचा लागला. पट्टी रोज सकाळी अक्काच बांधायची. मेघना शाळेत जाताना फक्त एक नजर टाकायची, पिन कुठल्या टोकाला आहे त्यावर.

झाली माझी गोष्ट. उठायच्या आधी एक मागणं आहे. तात्यांची आठवण ठेवा असं मी म्हणत नाही, त्यांच्या मागं वीणा आहे. अक्काचीही नाही, तिचे हात अजून मेघनाच्या हातांत आहेत. पण उसाला पाणी देत भरदुपारी उभा असलेला एक भीमा होता. त्याच्या नावानं ना वीणा वाजली ना कोणी पहारा दिला. बैलगाडीत त्याचं डोकं बायकोच्या मांडीवर होतं आणि इंदापूर लांब होतं. दोरी सुटली म्हणून तो गेला नाही. एवढं घरी जाताना मनाशी म्हणा, आणि त्याची एकदा आठवण काढा.